भरतीची वेळ आणि लेकीची झोप : सातारा ते गुहागर

लेक पावणेदोन वर्षांची असताना आम्ही तिला घेऊन गुहागरला गेलो. सातारकरांच्या घरात लहान मूल असलं की सहल ठरलेली असते, महाबळेश्वर नाहीतर पाचगणी, फार तर कास. दीड तासात पोचायचं आणि संध्याकाळी परत. समुद्र म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खारं वारं बाधेल, घाटात ओकेल, आणि एवढ्याशा लेकराला समुद्र काय कळणार, असं सगळं ऐकून झालं. तिला हे मोठेपणी आठवणार नाही हे मला मान्य होतं. पण आत्ता कळत नाही हे मला पटत नव्हतं. नळाखाली हात धरून अर्धा अर्धा तास उभी राहणारी पोर समुद्र बघून काय करते, ते मला बघायचं होतं.

गुहागर निवडलं ते सरळ हिशेबाने. उंब्रजपर्यंत हायवे, तिथून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग हेळवाकवरून पुढे कुंभार्ली घाट उतरून पोफळी आणि चिपळूण. चिपळूणनंतर मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर. एकूण अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. शिवाय तिथे गावाला लागूनच समुद्र आहे. रस्ता, रस्त्याला घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीमागे सुरूचं बन आणि बनापलीकडे वाळू. झोपेला आलेलं मूल उचलून पाच मिनिटांत खोलीत आणता येतं. लहान मुलासाठी याहून मोठी सोय नाही. किनाऱ्यापासून लांबचं, तलाव-बिलाव असलेलं रिसॉर्ट मी त्याच कारणासाठी सोडून दिलं.

काळ हिवाळ्याचा धरला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणात त्यातल्या त्यात हवा सुसह्य असते. मार्चपासून घामाने अंग चिकटायला लागतं आणि पावसाळ्यात तर लेकराला घेऊन समुद्राच्या जवळपासही जाऊ नये. आम्ही पौष महिना धरला, आणि त्यातही पौर्णिमा. पौर्णिमा का, ते पुढे सांगतो, कारण सगळी सहल त्यावरच पार पडली.

निघायच्या आधी खरी तयारी झाली ती गाडीतल्या बेबी सीटची. आई म्हणाली, "माझ्या मांडीवर बसेल की. तुम्ही पोरं मांडीवरच वाढलात." मी तिला समजावलं, की घाटात समोरून एसटी आली आणि करकचून ब्रेक दाबावा लागला तर कितीही घट्ट धरलं तरी हातातलं मूल हातात राहत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा त्याच्या सीटशिवाय गाडीत बसवलं तर १००० रुपये दंड आहे, हेही सांगितलं. दंडाचं तिला काही वाटलं नाही, ब्रेकचं वाटलं. मग ठरलं, की लेक सीटमध्ये बसेल आणि आजी तिच्या शेजारी. सीटची सवय लावायला आधी लिंब गावापर्यंत, मग सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत चकरा मारल्या. पहिल्यांदा रडून गोंधळ घातला. नंतर नंतर सीट दिसली की स्वतःच "भुर्र" म्हणत हात वर करायला लागली. कोणी लांबच्या प्रवासाला निघत असेल तर ही सवय आधी लावाच. ऐन प्रवासात ती लागत नाही.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी तापाच्या औषधाचा डोस तिच्या वजनावरून लिहून दिला आणि ओआरएसबद्दल बजावलं, की एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच टाकायचं, कपभर पाण्यात चिमूटभर असा अंदाज करायचा नाही. सनस्क्रीन सहा महिन्यांच्या वरच्या मुलांना चालतं. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा वरचं घ्या म्हणाले, आणि आधी घरी हातावर लावून बघा. सांगितलेलं आणखी एक मला फार महत्त्वाचं वाटतं. खाण्यातली कुठलीही नवी गोष्ट तिथे जाऊन सुरू करायची नाही. मासे द्यायचे असतील तर आधी घरी देऊन बघा. त्यामुळे कोकणात जाऊन लेकीला कोळंबी चाखवायचा बेत तिथेच बारगळला, आणि तेच बरं झालं.

निघालो सकाळी नऊला, तिची नाश्ता-अंघोळ उरकून. ती साडेदहाच्या सुमारास झोपते. तेव्हा पाटणच्या आसपास झोपली आणि कोयनानगरला जागी झाली. तिथे नेहरू उद्यानात तिला मनसोक्त पळू दिलं. घाटाआधी दूध द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. केळ्याचे दोन घास आणि चुरमुरे, एवढंच दिलं. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही म्हणतात, आणि तिला लागलीही नाही. बायकोला लागते, तिने हेळवाकपासूनच आवळासुपारी तोंडात धरली. घाटात माकडं दिसल्यावर लेक इतकी रंगली की पोफळी कधी आली ते कळलं नाही. चिपळूणला गाडीबाहेर पाय ठेवला आणि अंगावर दमट ऊब आली. साताऱ्यात सकाळी स्वेटर घालून निघालेली पोर तिथे झबल्यावर आली. वरच्या पिशवीत सुती कपडे ठेवलेले बरे, नाहीतर रस्त्यातच सगळं सामान उपसावं लागतं.

मुक्काम एका वाडीतल्या घरी होता. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. सामान उतरवायच्या आधी मी घराभोवती एक चक्कर मारली. खोली कशी आहे ते नंतर बघता येतं. आधी विहीर बघायची. कोकणातल्या वाडीत विहीर असतेच, आणि सगळ्याच विहिरींना उंच कठडा असतो असं नाही. आमच्या इथे कठडा होता, वर जाळीही होती, तरी त्या बाजूची फळी लावून घ्यायला घरमालक काकांना सांगितलं. मग न्हाणीघर. तिथे भरून ठेवलेली बादली आणि घंगाळ आम्ही वापर झाल्यावर लगेच रिकामं करत होतो. पावणेदोन वर्षांचं मूल बादलीत डोकावलं की डोक्याच्या भाराने आत जातं आणि त्याला उलटं बाहेर येता येत नाही. समुद्राची भीती सगळे घालतात, बादलीची कोणी घालत नाही. तिसरी गोष्ट, माडाखाली चटई टाकायची नाही. नारळ कधी पडेल ते सांगून पडत नाही. काकूंनीच आम्हाला आंब्याखालची जागा दाखवली.

काकूंना आम्ही साताऱ्याचे कंदी पेढे नेले होते. त्यांनी डबा उघडायच्या आधी लेकीला कडेवर घेतलं आणि विचारलं, "हिला मऊभात चालतो ना?" चालतो म्हटल्यावर आमचा जेवणाचा प्रश्न मिटला. सकाळी मऊभात, मेतकूट आणि तूप. दुपारी वरणभात, कधी कुळथाचं पिठलं. नाश्त्याला घावन. घरी एकेका घासासाठी चिऊ-काऊ करावं लागणारी पोर तिथे पडवीत बसून वाटी पुसून खात होती. हवेने असेल, दमल्यामुळे असेल. लहान मूल बरोबर असेल तर हॉटेलपेक्षा असं घर बघावं हे माझं ठाम मत झालं. स्वयंपाकघरात जाऊन "जरा गिजगा करून द्या" म्हणायची सोय पैशाने विकत मिळत नाही. तिखटजाळ खाणावळीत बसून लेकराला नुसता भात भरवण्यात काय हशील?

आता भरतीचं. जायच्या आधी फोनवर बोलताना काकांनीच एक हिशेब सांगितला होता, जो कोकणातले लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास, दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पंचांगातली तिथी बघितली की कोणालाही जमेल असं गणित आहे.

मी कागदावर एका बाजूला लेकीची दिनचर्या लिहिली आणि दुसऱ्या बाजूला हे. ती सकाळी साडेसहाला उठते. उन्हात तिला साधारण अकरा ते चार काढायचंच नाही. संध्याकाळी पाच ते साडेसहा तिचा खेळायचा वेळ. म्हणजे ओहोटी हवी ती सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि भरती हवी ती भर दुपारी, जेव्हा ती झोपलेली असेल. हे नेमकं जमतं पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. अष्टमीला गेलो असतो तर उलटं झालं असतं, ओहोटी रणरणत्या दुपारी आणि संध्याकाळी पाणी पार वर.

पौर्णिमेला उधाणाची भरती असते, हेही काकांनी सांगून ठेवलं होतं. दुपारी बाराला मी एकटाच सुरूच्या कडेला जाऊन आलो. पाणी खूप वर आलेलं होतं आणि लाटा आपटत होत्या. त्या वेळी तिथे लेकराचं काही काम नव्हतं. पण जेवढं पाणी वर चढतं, तेवढंच ते ओहोटीला लांब जातं. त्यामुळे सकाळी आमच्यासमोर ओली, घट्ट, सपाट वाळू पसरलेली होती, आणि मधल्या खोलगट जागांत घोट्याएवढं पाणी साचून राहिलेलं. त्या डबक्यांत लाट नाही, ओढ नाही. आमची लेक समुद्रात अशी गेलीच नाही. ती त्या डबक्यांत बसली. ओहोटीचं पाणी माघारी जाताना आत ओढतं, मोठ्या माणसाच्याही पायाखालची वाळू सरकते, त्यामुळे लाटेच्या रेषेपुढे तिला न्यायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं.

गुहागरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्याचाही फायदा झाला. सकाळी सूर्य सुरूच्या बनामागून वर येतो, त्यामुळे बराच वेळ बनाची सावली वाळूवर पडलेली असते. सावली आखडत आली की उठायचं. सावली हेच आमचं घड्याळ होतं.

पहिल्या संध्याकाळी मात्र तिने वाळूला पाय लावला नाही. चतुर्दशी होती, साडेपाचला पाणी परत चढायला लागलेलं, लाटांचा आवाज मोठा. मी खाली ठेवायला गेलो तर तिने पाय पोटाशी ओढून घेतले आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. बायको म्हणाली, "जरा पाण्याजवळ नेऊ या, भीती जाईल." आई म्हणाली, "काही नको. नेऊ नका कोणी." ती स्वतः सुरूच्या कडेला कोरड्या वाळूत मांडी घालून बसली, लेकीला मांडीवर घेतलं आणि वाळू मुठीत धरून बारीक धारेने तिच्या पावलावर सोडत राहिली. काही बोलली नाही, गाणं नाही, खेळ नाही. पोर आधी पाय आखडायची, मग बघायला लागली, मग तिने स्वतः मूठ भरली. त्या संध्याकाळी आम्ही पाण्यापर्यंत गेलोच नाही. मला यात आईचं फार कौतुक वाटलं. सहलीला आलोय म्हणून आजच समुद्र झाला पाहिजे, ही घाई मोठ्यांची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेकड्यांनी बाकीचं काम केलं. ओहोटीच्या ओल्या वाळूत हे बोटाच्या पेराहूनही लहान खेकडे असतात. वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती टाकत जातात. शेकडो बिळं, प्रत्येकाभोवती गोळ्यांची किरणं, सगळ्या किनाऱ्यावर कोणी ठिपक्यांची रांगोळी काढल्यासारखं. लेक उकिडवी बसली. एक खेकडा बाहेर आला, तिने बोट पुढे केलं, तो गडप. ती मान वाकडी करून बिळात बघत राहिली. पुन्हा आला, पुन्हा गडप. हे एवढा वेळ चाललं की मी सुद्धा तिच्या शेजारी आडवा झालो आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं, की खेकडा दोन्ही नांग्या आळीपाळीने तोंडाकडे नेतो आणि गोळी तयार झाली की पायाने मागे ढकलतो. मग ती एका बिळाकडून दुसऱ्या बिळाकडे गेली, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि अशी जात जात आपोआप पहिल्या डबक्यात पोचली. पाणी लागल्यावर थबकली. मागे वळून आजीकडे बघितलं. आजी हसली. मग तिने फतकल मारली आणि दोन्ही हातांनी पाणी बडवायला सुरुवात केली.

किनाऱ्यावर आमचा नियम होता, की एका वेळी एकाच माणसाकडे तिची जबाबदारी, आणि ती देताना तोंडाने सांगायचं, "आता तुझ्याकडे." तीन मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि कोणीच बघत नाही. ज्याच्याकडे जबाबदारी त्याने हाताच्या अंतरावर राहायचं आणि फोन खोलीत ठेवायचा. डबकं उथळ असलं तरी तोंडावर पालथं पडलेल्या लेकराला वीतभर पाणीही पुरतं. शिवाय काही किनाऱ्यांवर वाळूत गाड्या फिरवतात, त्या डबक्यात बसलेल्या मुलाला बघत नाहीत. म्हणून आम्ही गर्दीची बाजू सोडून वाडीसमोरच बसत होतो. बसायच्या आधी जागा पायाने चाचपून घ्यायची, काच, जाळ्याचा तुकडा, मरून पडलेला जेलीफिश असं काही असतं. जेलीफिश मेलेला असला तरी हात लावला तर आग होते.

वाळू तिने खाल्ली. सगळीच मुलं खातात. थोडी पोटात गेली तर बहुतेक वेळा आपसूक निघून जाते, आम्ही तोंड पुसून पाणी पाजलं आणि विषय सोडला. डोळ्यात गेली तर चोळू द्यायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार सोडायची, त्यासाठी एक बाटली वेगळीच ठेवली होती. बाबागाडी कोरड्या वाळूत चालत नाही, ती साताऱ्यालाच ठेवलेली बरी. नेहमीचा डायपर खाऱ्या पाण्यात फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो, पाण्यात घालायचे वेगळे मिळतात ते न्यावेत, आणि बाहेर आल्याबरोबर काढावेत, नाहीतर जांघेत चट्टे उठतात. गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडं करून, खोबरेल लावलं की पुरे. ओल्या अंगाला चिकटलेली वाळू काढायला थोडं कॉर्नफ्लोअर चोळलं की ती झडून पडते. ही युक्ती बायकोची. पंच्याने घासून लेकराला रडवण्यापेक्षा लाख पटीने बरी.

झोपेचं दडपण मला सर्वांत जास्त होतं. नवी जागा, दमट हवा, रात्रभर समुद्राची गाज. आईने घरून स्वतःचं जुनं लुगडं आणलेलं होतं. काकांनी वाशाला हात लावून बघितला, "घर पडेल, वासा पडायचा नाही" म्हणाले, आणि तिथे झोळी बांधून दिली. घरची गोधडी आत घातली. लेक झोळीत पडली आणि गाजेतच झोपली. दुपारी बाहेर उधाण आणि आत ती दोन-दोन तास गाढ. त्या वेळात आम्ही तिघंही पडवीत लवंडायचो. मूल झाल्यापासून बायको दुपारची अशी निवांत पडलेली मी पहिल्यांदा बघितली.

वेळणेश्वर, हेदवीची बामणघळ, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, हे सगळं जवळ होतं आणि सगळं सोडून दिलं. व्याडेश्वराचं दर्शन तेवढं घेतलं, ते गावातच आहे. रोज गाडीत कोंबून एकेक ठिकाण उरकत बसलो असतो तर तिच्या झोपा मोडल्या असत्या आणि मोडलेल्या झोपेचं मूल कुठल्याच समुद्राला खूश होत नाही. तिचा दुपारनंतरचा वेळ वाडीत गेला. पोफळींना पाणी सोडलं की ते दांडातून झुळझुळत येतं. ती सुपारीचं एखादं फूल, पान, काटकी त्यात टाकायची आणि वाहत जाईल तशी काठाने पळायची. काका दांडाचं तोंड मातीने बंद करून पाणी दुसरीकडे वळवायचे तेव्हा ती त्यांच्यावर रागवायची. ते मुद्दाम लेकीलाच विचारायचे, "आजीबाई, आता कुणीकडे सोडू पाणी?" आणि ही बोट दाखवील तिकडे सोडायचे. डबकी आणि दांड, या दोन गोष्टींत तिची सगळी सहल झाली.

परतीला पण तेच केलं, नऊला निघालो. कुंभार्ली चढताना ती झोपली होती, माकडं तिने बघितली नाहीत. साताऱ्यात पोचल्यावर बेबी सीटचं कापड काढून झटकलं तर गॅलरीभर वाळू झाली. पुढच्या खेपेला माझ्या वडिलांना न्यायचंय, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून ते या वेळी आले नव्हते. काकांना फोन करून पायरी नसलेली, पडवीला लागून असलेली खोली मागितली आहे. माघातली पौर्णिमा आठवड्याच्या मधे येतेय, म्हणून रजेचा अर्जही देऊन ठेवलाय.